यंत्राचा मार्गतक्ता आणि माणसाचे रकाने

मिरज जंक्शनातून चार दिशांना रूळ फुटतात. एक फाटा सांगली, कऱ्हाड, सातारा करीत पुण्यास जातो; दुसरा कोल्हापुरास जाऊन थांबतो; तिसरा बेळगाववरून लोंढ्याकडे वळतो; आणि चौथा पंढरपूरवरून कुर्डुवाडीस पोहोचतो. उतारूचे घर कोणत्या आळीत आहे हे मिरजेच्या स्टेशनावरील माणसाला ठाऊक असण्याचे कारण नाही. त्याला जावयाचे गाव कोणत्या दिशेस आहे एवढे कळले म्हणजे पुरे. योग्य गाडी दाखविली की पुढची वाट पुढचे स्टेशन दाखवील. संगणकांच्या जाळ्यात हेच काम करणारी जी पेटी असते तिला राउटर म्हणतात. तिच्याजवळ एक यादी असते: अमुक पत्त्यांचा मजकूर आला तर तो अमुक दाराने बाहेर काढावा आणि अमुक शेजाऱ्याच्या हवाली करावा. ह्या यादीला राउटिंग टेबल म्हणतात. आम्ही तिला मार्गतक्ता म्हणू.

हा तक्ता यंत्राने यंत्रासाठी केलेला असतो. तो साध्या स्प्रेडशीटच्या रकान्यांत कसा उतरवावा, त्या कामी एखादी लहानशी स्क्रिप्ट कशी उपयोगी पडते, आणि एवढा खटाटोप करण्याचे आम्हा सातारा-सांगलीकरांना विशेष कारण काय, ह्या तीन गोष्टींचा विचार येथे करावयाचा आहे.

मार्गतक्त्याचे मर्म समजण्यास टपालाच्या पिनकोडसारखा दुसरा चांगला दाखला नाही. १५ ऑगस्ट १९७२ रोजी ही पद्धत आपल्या देशात सुरू झाली. तिची आखणी करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे संपर्क मंत्रालयातील अधिकारी, आणि संस्कृतातील कवी. सहा अंकांपैकी पहिला अंक विभाग दाखवितो, दुसरा उपविभाग, तिसरा टपालाची छाननी होणारा जिल्हा. शेवटचे तीन अंक बटवडा करणाऱ्या कचेरीचे. साताऱ्याचा पिन ४१५००१ आणि सांगलीचा ४१६४१६. कोलकात्यात पत्रे वेगळी करणाऱ्या माणसाला सातारा कोठे आहे हे माहीत नसले तरी अडत नाही. ४ हा आकडा पाहून तो पत्र पश्चिमेच्या पिशवीत टाकतो. ४१५ पाहून कोणी तरी ते साताऱ्याच्या पिशवीत टाकतो. आणि सहाही अंक फक्त शेवटच्या टप्प्यावर पाहिले जातात.

आता ह्यातील एक बारकावा पाहा. विटा आणि आटपाडी ही गावे सांगली जिल्ह्यातील. पण त्यांचे पिन ४१५३११ आणि ४१५३०१, म्हणजे साताऱ्याच्या ४१५ ह्या गटातले. उलट वाई आणि महाबळेश्वर सातारा जिल्ह्यात असूनही त्यांचे पिन ४१२८०३ आणि ४१२८०६. रत्नागिरी तर सह्याद्रीच्या पलीकडे. तरी तिचा पिन ४१५६१२. तात्पर्य, टपालाची पिशवी जिल्ह्याची हद्द पाहून जात नाही. ती अंक पाहून जाते. नकाशावर बोट ठेवून वाट सांगू पाहणारा येथे फसेल. खरी वाट कळावयाची तर तक्ताच वाचला पाहिजे.

संगणकाच्या पत्त्याचेही असेच. प्रचारातील जुन्या पद्धतीचा पत्ता चार भागांचा असतो, आणि प्रत्येक भाग ० ते २५५ यांपैकी एक संख्या असते. उदाहरणासाठी एक पतसंस्था कल्पू. मुख्य कचेरी सांगलीस, विभागीय कचेरी साताऱ्यास, आणि शाखा मिरज, तासगाव, जत, विटा, कऱ्हाड, कोरेगाव, वाई अशा ठिकाणी. १०.२१ ने सुरू होणारे सर्व पत्ते सातारा विभागाकडे पाठवावेत, अशी तक्त्यात एक ओळ आहे; ती १०.२१.०.०/१६ अशी लिहितात. तिरप्या रेघेनंतरचा १६ हा आकडा सांगतो की पत्त्याच्या ३२ द्विमान अंकांपैकी पहिले १६, म्हणजे पहिले दोन भाग, तेवढे जुळवून पाहावेत. त्याच तक्त्यात १०.२१.४०.०/२४ अशी दुसरी ओळ विटा शाखेसाठी आहे. आता १०.२१.४०.७ ह्या पत्त्याचा मजकूर आला तर दोन्ही ओळी लागू पडतात. अशा वेळी राउटर नेहमी अधिक अंक जुळणारी ओळ निवडतो. म्हणजे मजकूर थेट विट्याकडे जातो. आणि कोणतीच ओळ जुळली नाही तर? त्यासाठी ०.०.०.०/० अशी एक ओळ बहुधा ठेवलेली असते. तिचा अर्थ, 'बाकीचे सारे ह्या दाराने'. तीही नसेल तर मजकूर टाकून दिला जातो.

राउटरला आज्ञा दिली की तो आपला तक्ता पडद्यावर दाखवितो. सिस्को पद्धतीच्या राउटरवर दिसणारी एक ओळ देवनागरीत लिहिली तर अशी होईल: 'ओ १०.२१.४०.०/२४ [११०/२०] व्हाया १०.२१.०.२, ०४:१२:३०, गिगाबिटइथरनेट०/१'. पहिले अक्षर ही वाट कोणाकडून कळली ते सांगते. 'ओ' म्हणजे ओएसपीएफ नावाच्या नियमाने शेजारच्या राउटरांशी बोलून कळलेली. 'सी' म्हणजे थेट जोडलेली. 'एस' म्हणजे माणसाने हाताने लिहून ठेवलेली. चौकोनी कंसातील पहिला आकडा त्या बातमीवरील भरवशाचा, आणि तो जितका लहान तितका भरवसा अधिक: थेट जोडणीला ०, हाताने लिहिलेल्या वाटेला १, ओएसपीएफला ११०. दुसरा आकडा त्या वाटेचा खर्च. पुढे शेजारी राउटरचा पत्ता, बातमी किती वेळापूर्वीची आहे ते, आणि शेवटी बाहेर पडण्याचे दार.

एक ओळ समजली म्हणजे तक्ता समजला, असे मात्र नाही. शेकडो ओळी पडद्यावरून सरकत जातात तेव्हा मुख्य अधिकारी, संचालक किंवा हिशेबतपासनीस यांच्या हाती काहीच लागत नाही. जाळे उभारणारा एक तंत्रज्ञ तेवढा ते वाचू शकतो, आणि तोही गावाला गेला तर संस्थेची वाट कोणाच्याच ध्यानात राहत नाही. तलाठ्याच्या दप्तरातील सातबारा ठरीव रकान्यांचा आहे म्हणून परगावचा माणूसही तो वाचून भांडू शकतो. मार्गतक्त्यालाही असे रकाने देणे, हेच येथे करावयाचे काम.

हाताने उतरवून घेण्यात चुका होणार, म्हणून स्क्रिप्ट. स्क्रिप्ट म्हणजे थोड्या ओळींत लिहिलेला, एकच ठरीव काम करणारा कार्यक्रम. पायथॉन ह्या भाषेत तो सहज लिहिता येतो. स्क्रिप्ट तक्त्याची फाइल उघडते, एकेक ओळ घेते आणि ती ठरविलेल्या साच्यात बसते का ते पाहते: आधी अक्षर, मग पत्ता, मग कंस, मग शेजारी. बसली तर तिचे तुकडे पाडून एकेक तुकडा आपापल्या रकान्यात लिहिते. रकाने स्वल्पविरामांनी वेगळे केलेली अशी फाइल कोणत्याही स्प्रेडशीटमध्ये उघडते.

खरी मेहनत आडमुठ्या ओळींवर पडते. एकाच ठिकाणी जाण्यास सारख्या खर्चाच्या दोन वाटा असतील तर राउटर दुसऱ्या ओळीत पत्ता पुन्हा लिहीत नाही. जागा मोकळी सोडून नुसता दुसरा शेजारी लिहितो. आपण वहीत खालोखाल 'सदर' लिहितो, तसाच हा प्रकार. स्क्रिप्टने मागचा पत्ता लक्षात ठेवून तो येथे भरला नाही तर दुसरी वाट अनाथ होते. काही राउटर तिरप्या रेघेचा आकडा ओळीत न देता वरच्या मथळ्यात एकदाच देतात. तोही खाली प्रत्येक ओळीस लावावा लागतो. आरंभी अक्षरांचे अर्थ सांगणाऱ्या ओळी असतात. त्या वाटा नव्हेत. नव्या प्रकारचे राउटर आणि लिनक्स यंत्रे हीच माहिती जेसन नावाच्या सुटसुटीत रचनेतही देतात. ती मिळत असेल तर तीच घ्यावी. साचे जुळविण्याचा अर्धा त्रास वाचतो.

स्क्रिप्टचा पहिला धर्म असा, की न समजलेली ओळ तिने गिळू नये. अशा ओळी वेगळ्या फाइलीत काढून ठेवाव्यात आणि माणसाने त्या पाहाव्यात. दुसरा धर्म, ताळा. राउटरला विचारले तर तो आपल्याजवळ एकूण किती वाटा आहेत ते सांगतो. तो आकडा आणि रकान्यांत उतरलेल्या वेगवेगळ्या पत्त्यांची संख्या जुळली पाहिजे. जमाखर्चात शेवटी शिल्लक जुळते की नाही ते पाहतो, त्याप्रमाणेच हे. ह्या सावधगिरीचे महत्त्व इंग्लंडने २०२० मध्ये अनुभवले. करोनाच्या तपासण्यांचे निकाल जुन्या पद्धतीच्या एक्सेल फाइलीत भरले जात होते. त्या फाइलीत ६५,५३६ पेक्षा अधिक ओळी मावत नाहीत. जास्तीच्या ओळी कोणतीही कुरकूर न करता गळत राहिल्या. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर ह्या काळातील १५,८४१ रुग्ण त्यामुळे वेळेवर मोजले गेले नाहीत, आणि त्यांच्या संपर्कात आलेल्यांना शोधण्याचे काम लांबले. फाइल बिघडली असती तर कोणी तरी पाहिली असती. ती नीट उघडत होती, हेच वाईट झाले.

स्प्रेडशीटचा फाजील शहाणपणा हीही एक अडचण आहे. सांगलीचा टेलिफोनचा क्रमांक ०२३३ ने आणि साताऱ्याचा ०२१६२ ने सुरू होतो. हे आकडे रकान्यात टाकून पाहावेत. आरंभीचे शून्य नाहीसे होते, कारण यंत्राने त्यांस संख्या मानले. दाराचा क्रमांक १/२ असा एकटा रकान्यात पडला तर त्याची तारीख होते. ०४:१२:३० हे बातमीचे वय घड्याळातील वेळ होऊन बसते. यास्तव असे रकाने 'मजकूर' म्हणून जाहीर करूनच फाइल आत घ्यावी, किंवा स्क्रिप्टनेच पक्की स्प्रेडशीट तयार करून प्रत्येक रकान्याची जात ठरवून द्यावी.

क्रम लावतानाही असेच फसावयास होते. अक्षरांच्या क्रमाने १०.२१ हे १०.९ च्या आधी येते. ह्यावर उपाय म्हणजे पत्त्याची एक सलग संख्या करून ती शेजारच्या रकान्यात ठेवणे. पहिला भाग १,६७,७७,२१६ ने गुणावा, दुसरा ६५,५३६ ने, तिसरा २५६ ने, चौथा तसाच ठेवावा आणि बेरीज घ्यावी. १०.२१.४०.० ची संख्या १६,९१,५८,६५६ येते. ह्या रकान्यावर क्रम लावला की शेजारचे पत्ते शेजारी येतात. नव्या पद्धतीच्या १२८ द्विमान अंकांच्या पत्त्यांना मात्र ही युक्ती चालत नाही. स्प्रेडशीट संख्येचे पंधराच अंक नेमके सांभाळते. तेथे प्रत्येक भाग शून्ये लावून सारख्या लांबीचा करावा आणि मजकूर म्हणूनच त्याचा क्रम लावावा.

येथवर कसे करावे ते झाले. का करावे, हे सांगण्यासाठी आम्हाला कृष्णाकाठी यावे लागेल. कोयना कऱ्हाडास कृष्णेला मिळते, आणि साताऱ्याच्या डोंगरांतील पाणी सांगलीच्या घाटाला लागते. पावसाळ्यात सांगलीचा माणूस कोयनेच्या विसर्गाचा आकडा वाचतो आणि आयर्विन पुलाजवळचे फूट-इंच विचारतो. ४५ फूट ही तेथील धोक्याची पातळी; ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांपर्यंत चढले आणि शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. २००५ आणि २०२१ चे पूरही ह्याच पिढीने पाहिले. पुलाजवळचा आकडा भाजीवालीपासून कलेक्टरापर्यंत सर्वांना वाचता येतो, म्हणून त्या आकड्यावरून लोक वेळीच सामान हलवितात. संस्थेच्या जाळ्याचा तक्ता मात्र कोणाला वाचता येत नाही. पुरात पैसे काढावयास आलेल्या माणसाला 'लाइन नाही' एवढेच उत्तर मिळते, आणि ती लाइन कोठे तुटली, दुसरी होती की नव्हती, हे पाणी उतरल्यावर कळते.

तक्ता रकान्यांत आला म्हणजे हे प्रश्न पाणी चढण्यापूर्वी विचारता येतात. 'शेजारी' ह्या रकान्यावर गट पाडावेत आणि प्रत्येक शेजाऱ्यामागे किती शाखा आहेत ते मोजावे. बारा शाखांपैकी दहा एकाच शेजाऱ्यावर टांगलेल्या दिसल्या तर धोका कोठे आहे हे सांगण्यास तंत्रज्ञ लागत नाही. हाताने लिहिलेल्या 'एस' वाटा वेगळ्या काढाव्यात; बंद झालेल्या शाखेची वाट किंवा कोणी तात्पुरती म्हणून घातलेली वाट त्यांतच सापडते. दर महिन्याचा तक्ता तारखेसह जपून ठेवावा. दोन महिन्यांचे तक्ते समोरासमोर ठेवले की काय बदलले ते उघड दिसते.

तथापि एक इशारा देणे जरूर आहे. राउटर तक्त्यात निवडलेली वाटच दाखवितो. हाताशी राखून ठेवलेली दुसरी, कमी भरवशाची वाट त्यात बहुधा दिसत नाही. पहिली तुटली म्हणजे ती वर येते. तेव्हा एखाद्या शाखेसाठी एकच ओळ दिसली म्हणून तिला दुसरी वाट नाहीच, असा निकाल देऊ नये. आणि कोणी 'दुसरी वाट आहे' म्हणाला म्हणून निर्धास्तही राहू नये. परीक्षेचा एक सोपा मार्ग आहे. सुटीच्या दिवशी, सर्वांस आगाऊ कळवून, मुख्य लाइन काही मिनिटे काढावी; त्या अवस्थेतील तक्ता घ्यावा आणि लाइन पुन्हा जोडावी. मग आधीचा आणि नंतरचा असे दोन तक्ते शेजारी ठेवावेत. दुसऱ्या तक्त्यात ज्या शाखांचे पत्ते नाहीत, किंवा जे आता फक्त 'बाकीचे सारे' ह्या ओळीवर जाऊन भलत्याच दाराने बाहेर पडतात, त्या शाखा पुरात तुटणार. एका तासाच्या ह्या कवायतीने जे कळते ते वर्षभराच्या आश्वासनांनी कळत नाही.

रकान्यांचा सर्वांत मोठा लाभ तर ह्याहून निराळा आहे. राउटरला दोन शेजारी माहीत असतात. त्या दोन्ही शेजाऱ्यांकडे जाणाऱ्या तारा एकाच पुलावरून गेल्या आहेत की काय, हे त्याला माहीत नसते. दोन वेगळ्या कंपन्यांच्या लाइनी घेतल्या म्हणजे दोन वाटा झाल्या, असे कागदावर दिसते. पण दोन्हींची केबल एकाच चरातून, एकाच ओढ्याकाठून गेली असेल तर पाण्याच्या दृष्टीने ती वाट एकच. यंत्राच्या तक्त्यात ही गोष्ट लिहिण्यास जागा नाही. स्प्रेडशीटमध्ये मात्र शेवटी एक रिकामा रकाना वाढविता येतो, आणि त्यात माणूस आपल्या हाताने लिहू शकतो: केबल कोणत्या रस्त्याने, कोणत्या पुलावरून, किती फुटांवर पाणी लागणाऱ्या खोलीतून. २०१९ च्या पुरात कोणत्या खोलीत पाणी शिरले होते हे शिपायाला ठाऊक असते. तो रकाना भरण्यास शिपायाला बोलवावे. टपालाच्या अंकांवरून विट्याची वाट कळते, पण रस्त्यावरचा ओढा कळत नाही; तो त्या रस्त्याने जाणाऱ्यासच विचारावा लागतो.

असा भरलेला तक्ता म्हणजे संस्थेच्या जाळ्याचा नकाशाच. तो भलत्याच्या हाती पडू नये. तिजोरीच्या किल्लीइतकीच त्याची काळजी घ्यावी, आणि जो तो वाचणार त्याचे नाव वहीत नोंदवावे. पण तिजोरीत बंद करून विसरण्यासाठीही तो नव्हे. दरवर्षी मृग निघण्यापूर्वी छपराची कौले चाळतो, तशी ह्या तक्त्याची एक फेरी व्हावी. स्क्रिप्ट चालवावी, ताळा पाहावा, लाइन काढून दुसरा तक्ता घ्यावा आणि शेवटचा रकाना चार माणसांनी बसून पुरा करावा. मग एकच वाट असलेल्या शाखांची यादी संचालकांच्या सभेपुढे ठेवावी. दुसऱ्या लाइनीचा खर्च करावयाचा की नाही हे त्यांनी ती यादी वाचून ठरवावे.